म्हाताऱ्यापुढचा चहा

अहो, सलाम.

चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे, हसू नका. आज दुपारी असरच्या नमाजानंतर तो म्हातारा परत येणार आहे. तुमच्याशी बोलल्याशिवाय मला दार उघडवणार नाही. तोंड दाखवायची लाज वाटते हो, तुम्हालाच!

म्हातारा म्हणजे तो अरब, ज्याच्या पोराने इथे शुवैखच्या गॅरेजात तुमच्या डोक्यात पाना घातला, त्याचा बाप. गाडी वेळेवर मिळाली नाही म्हणून! पोरगा जेलात आहे, फाशीची भीती आहे. तुमच्यामागे माझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून इथल्या कायद्याने माफी लिहून देऊन फाशी टाळायची की नाही ते माझ्या हातात. आणि पोरगा अजून म्हणतोय, मिस्त्री स्वतः घसरून पडला. तुम्ही? उभं आयुष्य त्या तेलकट लादीवर काढलेला माणूस?

माझी एकच अट होती. पैसे नकोत. पोराने जजसमोर म्हणायचं, मी मारलं. मग माफी.

शुक्रवारी म्हातारा आणि त्याचे लोक माफी मागायला आले. अरबी बोलायला तुमचे चुलतभाऊ अन्वरभाय होते. मी चहा ठेवला, तर कोणी हात लावेना. म्हातारा नेमका तुमच्या खुर्चीत, मान खाली घालून. चहावर साय धरायला लागली. तुम्हीही असाच कप पुढे ठेवून मोबाइल बघत बसायचात आणि मी ओरडायचे. (थंडच आवडायचा का हो तुम्हाला? कधी विचारलंच नाही.) तसंच तोंडातून निघालं, दुकानात ऐकलेल्या अरबीत. "इश्रब, इश्रब! प्या की, थंड होतोय!"

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. कप उचलला, रिकामा केला आणि रडायलाच लागला. बाकीचे उठून अन्वरभायच्या गळ्यात पडले. मला वाटलं, चहात साखरेऐवजी मीठ पडलं की काय!

ते गेल्यावर अन्वरभाय म्हणाले, "भाभी, मोठ्या मनाच्या हो तुम्ही! अटसुद्धा घातली नाहीत."

"अजून बोलणं कुठे झालंय?"

"अहो, मागणं मान्य होईपर्यंत हे लोक समोरचा कप उचलत नाहीत. तुम्ही 'प्या' म्हणालात. म्हणजे माफ केलंत."

कळलं? तुमचा खून मी एका चहापायी सोडून दिला! आपल्या जलीब वस्तीतल्या बायका माझी वाहवा करत आल्या आणि मी गप्प बसले. थोडी गोडही लागली हो ती वाहवा. त्याचीच जास्त लाज वाटते.

शेवटी अन्वरभायना म्हटलं, म्हाताऱ्याला फोन लावा.

"शब्द फिरवायचा? अब्रू जाईल आपली!"

"माझी गेलीच आहे. लावा."

मला रिवाज ठाऊक नव्हता, माझी अट सांगायची राहूनच गेली, हे सगळं म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाईला सांग, तो कप मी प्यायलोच नाही. मी पुन्हा येतो."

अशा माणसाच्या पोटी तसला पोरगा? काय म्हणावं!

तर ऐका. आज कप त्याच्यापुढे ठेवीन आणि तोंड दाबून बसेन. साय धरू दे, माशी पडू दे. पोराला खरं बोलायला लावीन, असा शब्द त्याने दिला तरच 'प्या' म्हणेन. मग कोर्टात स्वतः जाऊन ऐकेन, तुम्ही घसरला नव्हतात म्हणून. त्याच्याआधी घाई करणार नाही, तुमची शपथ.

तुमची उतावळी,
जैनब