मोहिनीदेवी पुरुष आहे

२० ऑक्टोबर १९५३, मंगळवार
आजपासून रोजनिशी. गुप्तहेर कर्णिक लिहितो, म्हणून मीही. तो रात्री लिहितो. मला रात्री गॅसबत्त्या भाड्याने द्यायच्या असतात, तेव्हा मी सवडीने लिहीन. निश्चय असा की रोज एक तरी ऑब्झर्वेशन करायचं, कमी बोलायचं आणि मिशी कर्णिकसारखी बारीक करायची.

देश स्वतंत्र झाला त्या महिन्यापासून पेपरात कर्णिकची चित्रकथा येते आहे. रोज तीन चौकोन. सहा वर्षांतलं एकही कटिंग मी सोडलेलं नाही, सगळी रजिस्टरात चिकटवली आहेत. आजवर चौदा प्रकरणं झाली, त्यांतल्या दोनमध्ये खुनी मी आधीच ओळखला. उरलेल्या बारांत चित्रकार चुकला.

पेपर दुपारच्या पॅसेंजरने आमगावला येतो. माझा साळा श्यामलाल तो स्टेशनावरून माझ्या सायकलच्या दुकानात आणतो. तोवर पंधरा-वीस चाहते जमलेले असतात. मी आधी चित्रं सांगतो, मग मजकूर वाचतो, मग विवेचन करतो. लोक विवेचनासाठीच येतात. समोरचा दुलीचंद चहावाला म्हणतो, चहासाठी येतात. धंद्यातला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार.

२२ ऑक्टोबर, गुरुवार
नवं प्रकरण ‘रंगमंदिरातला खून’. तिसऱ्या अंकात नटवर्य हंसराज चांदीच्या पेल्यातून प्याले आणि स्टेजवर कोसळले. प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या. विंगेत बाईच्या चपलेचे ठसे सापडलेत.

आज सर्वांसमोर माझी थिअरी मांडली. कंपनीची नायिका मोहिनीदेवी ही बाई नाही, पुरुष आहे! नाटकातली बाई म्हणजे पुरुषच, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. पोलीस बाई शोधताहेत, आणि चपला घालून गेलेला पुरुष त्यांच्या नाकासमोर पदर सावरतो आहे. मनगटं बघा म्हटलं. जाड आहेत.

भैयाजी शिंपी म्हणाला, शहरात हल्ली बायका स्वतःच नाटकात काम करतात, त्याने नागपूरला पाहिलंय. मी म्हटलं, तूही फसलास, यालाच कला म्हणतात. तो उठून समोर चहा प्यायला गेला. मुद्दा पटला.

२५ ऑक्टोबर, रविवार
माझ्या बायकोला, धुरपताला, वाचता येत नाही, पण रजिस्टरातली चित्रं ती पाहते. आज भाकरी थापता थापता म्हणाली की मोहिनीदेवी बाईच आहे, बसताना पदर कसा खोचते पाहा. मी म्हटलं, तू तव्याकडे पाहा.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवशी, १४ नोव्हेंबरला, आपलं नाटक ‘वचनभंग’. लेखक मी, डायरेक्टर मी, प्रॉम्प्टरही मीच. श्यामलाल नायिका ताराबाई. हलका, लवकर पिकणारा धान कापणीला आलेला असताना तो सालेकशाकडचं शेत म्हाताऱ्या आईवर टाकून आमच्याकडे राहिला आहे. त्यालाही वाचता येत नाही. मी दोनदा वाचून दाखवलं की पाठ. गेल्या वर्षी त्याला स्टेजवर पाहून एका पाहुण्याने ‘मुलगी’ कोणाची, अशी चौकशी केली होती.

आज जेवताना त्याने मला विचारलं, लुगडं नेसणारा माणूस खुनी असतो काय. मी समजावलं, तसं नाही, पण ज्याला जमतं त्याला जमतं. त्याने भात अर्धा टाकला. कलावंत हळवे असतात.

३० ऑक्टोबर, शुक्रवार
मिशी केली. डावी बाजू जास्त बारीक झाली, म्हणून उजवी केली. मग उजवी जास्त झाली. इथे थांबलो.

तालमीला नऊपैकी चार आले. श्यामलालने त्यांना चालणं, वळणं, हात कुठे ठेवायचा ते शिकवलं. मी खुर्चीवरून डायरेक्शन दिलं.

३ नोव्हेंबर, मंगळवार
चित्रकाराला सहा पानी पत्र लिहिलं. तुमचं गुपित फुटलं आहे, निदान मनगटं तरी बारीक काढा, असा सल्ला दिला. आजच्या चौकोनात मोहिनीदेवी पाठमोरी आहे. म्हणजे पत्र पोचण्याआधीच तो घाबरला.

६ नोव्हेंबर, शुक्रवार, लक्ष्मीपूजन
शेवटचा चौकोन : कर्णिकने सगळ्यांना पडद्यामागे उभं केलंय. ‘पडदा वर जाताच खुनी तुम्हाला दिसेल!’

घाईत कटिंग कापून खळ लावून चिकटवलं. पुढचं काही वाचायला सवड नव्हती, फराळाला जायचं होतं. उद्या दुकानापुढे सतरंज्या घालणार. सर्वांना सांगून ठेवलं. श्यामलाल तेवढा म्हणाला, ती बाई निघाली तर बरं. त्याचा चेहरा मला ठीक वाटला नाही. ऑब्झर्वेशन.

७ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा
आज जे घडलं ते शांतपणे लिहितो.

चाळीसएक माणसं जमली. पॅसेंजर आली, गेली. श्यामलाल खांद्यावर थैली टाकून आला आणि म्हणाला, “पेपर आलाच नाही, भाऊजी.”

सहा वर्षं येतो, आणि नेमका आजच येत नाही? सतरंजीवर माणसं बसलेली. माझं डोकं कर्णिकसारखं चालू लागलं. मोहिनीदेवी पुरुष निघाली तर कमीपणा कोणाला? नायिका होणाऱ्याला. पेपर कोणाच्या हातून येतो? त्याच्याच. जो पाच तास लुगड्यात वावरून कोणाला कळू देत नाही, त्याला एक पेपर लपवणं काय जड आहे?

हे सगळं मी उभं राहून, क्रमाने, मोठ्याने सांगितलं. मग त्याची थैली ओढून घेतली. तो नको नको म्हणत होता. आत पेपर नव्हता. कोरं हिरवं लुगडं होतं. मी ते उलगडून लोकांना दाखवलं आणि म्हटलं, हे पाहा वेशांतराचं सामान.

लोक हसले. भैयाजी हसला नाही. श्यामलालने लुगडं माझ्या हातातून घेतलं, सतरंजीवर ठेवून नीट घडी केलं, थैलीत घातलं आणि स्टेशनकडे चालू लागला. सालेकशाची गाडी तीन तासांनी होती.

घरी बातमी आधीच पोचली होती. धुरपता म्हणाली, “त्याले वाचता येत नाही. तो पेपर कायले लपवन?” मी म्हटलं, चित्र तर दिसतं ना. शिवाय अडाणीपण हे सर्वांत उत्तम वेशांतर. मग तिने सांगितलं की लुगडं तिच्यासाठी होतं, उद्याच्या भाऊबीजेचं. परवापासून तो तिला रंग विचारत होता.

मला कोणी सांगितलं असतं तर मी उलगडलं नसतं.

८ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज
पेपर दुलीचंदने आणला आणि माझ्याच दुकानात उभा राहून वाचला. पडदा वर गेला. सगळे उभे. मोहिनीदेवीच्या कडेवर तान्हं मूल, शेजारी नवरा. मूल रडतंय, म्हणून ती पाठ वळवून त्याला पदराखाली घेते. खुनी दुसराच कोणी; तिकडे कोणी पाहिलंच नाही.

कोणीतरी विचारलं, केशोराव, हे पोरगंही पुरुषाचं काय. मी म्हटलं, चौकशी चालू आहे.

भैयाजीने पेपर घेतला आणि नावाखालच्या अंक क्रमांकावर बोट ठेवलं. परवाचा दोनशे बारा. आजचा दोनशे तेरा. मधे पेपर निघालाच नव्हता. लक्ष्मीपूजनाची सुट्टी. दरवर्षी असते म्हणे.

घरी येऊन परवाचं कटिंग पाण्याने सोडवलं. कर्णिकचं तोंड निघून आलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं : उद्या अंक निघणार नाही.

धुरपताने सकाळीच पाट मांडला होता. ताटात निरांजन, सुपारी, करंज्या. एकुलता एक भाऊ. प्रत्येक गाडीची शिट्टी झाली की ती दारात जाऊन येत होती. मी म्हटलं, येईल, रागाच्या भरात माणूस एखादी गाडी चुकवतो. चौथ्या गाडीनंतर तिने ताट फडक्यात बांधलं आणि स्टेशनवर गेली. मला काही बोलली नाही. बोलली असती तर मी समजावलं असतं.

९ नोव्हेंबर, सोमवार
संपादकाला खरमरीत पत्र. सुट्टीची सूचना ठळक अक्षरात आणि चित्रकथेच्या मागे सोडून कुठेही छापावी. तुमच्या निष्काळजीपणाने कुटुंबं मोडतात, असं लिहिलं. मग ‘मोडतात’ खोडून ‘अडचणीत येतात’ केलं.

सालेकशाला जाणाऱ्या एका माणसाजवळ श्यामलालला निरोप दिला : नाटक शनिवारी आहे, निघून ये, मी सगळं विसरलो आहे. यापेक्षा मोठं मन कोणाचं असणार?

११ नोव्हेंबर, बुधवार
निरोपाला उत्तर नाही. दुसरा निरोप दिला : गैरसमज दोन्ही बाजूंनी झाला, असं मानायला मी तयार आहे.

दुलीचंदने चहाच्या दुकानात स्वतःचा पेपर लावलाय. लोक आता तिकडे ऐकतात. विवेचन नाही, नुसता वाचून मोकळा होतो, तरी बसतात. मी जात नाही. माझा पेपर मी अजून उघडलेला नाही.

भात लागला. काल कच्चा राहिला होता.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार
निर्णय घेतला. ताराबाई मीच होणार. संवाद माझेच, मला कोण शिकवणार? मिशी काढली. भैयाजीने चोळी उसवून सैल करून दिली. माप घेताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

दुकानातून घरी येईपर्यंत तिघांनी थांबवून विचारलं, घरात कोण गेलं? मिशी नाही म्हटल्यावर लोक विचारणारच. कोणी नाही गेलं म्हटलं. धुरपता दिसत नाही ती, असं शेजारीण म्हणाली. मी म्हटलं, माहेरी. दिवाळी आहे.

१५ नोव्हेंबर, रविवार
काल नाटक झालं. गॅसबत्त्या नीट पेटल्या नव्हत्या, त्यामुळे परिणाम साधला नाही. शिवाय प्रॉम्प्टर स्टेजवर असल्यामुळे प्रॉम्प्टर नव्हता. दुसऱ्या अंकात मला माझीच वाक्यं आठवेनात. मागून कोणीतरी ओरडलं, श्यामलालले बलावा. मग दोन-चार जण ओरडले. निम्मे लोक उठून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दंडारीचा नाचगाण्याचा खेळ पाहायला गेले.

तिसऱ्या अंकात ताराबाई भावाची वाट पाहत दारात बसते आणि रडते. हा प्रवेश मीच लिहिलाय. श्यामलालला मी म्हणायचो, इतकं खरं रडू नको, पुढचा संवाद ऐकू येत नाही. काल तिथे मला खरोखर रडू आलं. थांबवता आलं नाही. लोक सर्वांत जास्त तिथे हसले.

दोष बत्त्यांचा नव्हता.

१६ नोव्हेंबर, सोमवार
सकाळच्या गाडीने सालेकशाला. तिथून दोन कोस पायी. गाडीत भाषण तयार केलं. तीन मुद्दे : सुट्टी, बारीक अक्षर, खळ.

सगळे शेतात होते. श्यामलाल, माझी सासू अनुसयाबाई आणि धुरपता ओळीने वाकून धान कापत होते. बाजूच्या बांध्यांतला, शेजाऱ्यांच्या तुकड्यांतला धान कापून उचलूनही झाला होता. यांचा पिकून आडवा पडलेला, दाणे चिखलात गळलेले. माझ्या तालमींचे दिवस. मी ते कधी मोजले नव्हते.

सासूने माझं तोंड पाहिलं आणि घाबरून विचारलं, कोण गेलं. मी म्हटलं, नाटकासाठी काढली. ती पुन्हा वाकली.

सगळे घरी आले. श्यामलालने मला पाय धुवायला पाणी दिलं, खाट टाकली, समोर बसला. मी तिन्ही मुद्दे मांडले. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. त्याला ऐकायची सवय आहे.

मग म्हणाला, “मी चोर नाही हे तुमाले पेपरातून समजलं, भाऊजी. माह्या बहिणीले वाचता येत नाही, तरी तिले ठाऊक होतं.”

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काहीतरी सापडलं असतं. ‘चुकलो’ हा शब्द भाषणात घातला नव्हता, आणि आयत्या वेळी तोंडातून निघेना. मला लाज वाटली. हे फक्त इथे लिहितो आहे.

धुरपताने चहा दिला. कधी येतेस, विचारलं. म्हणाली, कापणी झाली की पाहू. हाताला विळा लागलेला, चिंधी बांधलेली. मी विचारलं, दुखतं का. म्हणाली, नाही.

आत चूल पेटली होती. भात शिजत होता, कशाला तरी फोडणी पडली. मी चहाची कपबशी खाली ठेवली. निघतो म्हटलं. श्यामलाल उठून उभा राहिला, सासूने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. दिवाळीच्या महिन्यात सासरी गेलेला जवाई मी. अंगणात जोडे घालायला जरा जास्तच वेळ लावला. एकदा काढून पुन्हा घातले.

जेवून जा, असं कोणी म्हटलं नाही.