नवी शेगडी, ओली लाकडं

४ जानेवारी

खोली तापवायची लाकडाची शेगडी बसली एकदाची! लेकीनं, इव्हेटनं, पोर्टलँडहून पाठवली. म्हणे, "आई, यात थर्मोस्टॅट आहे. बटण हवं तिथं ठेव, आगीला हवा आपोआप कमी-जास्त मिळते." तीनवर ठेवलं. दुपारपर्यंत खोलीची भट्टी! रोझेर खुर्चीत घामानं निथळतोय. पक्षाघातानंतर माझ्या नवऱ्याला स्वतःची शालही काढता येत नाही. मी काढली. बटण एकवर आणलं — तर थोड्या वेळानं तो कुडकुडायला लागला.

७ जानेवारी

बटणाचा आणि माझा छत्तीसचा आकडा. वाढवलं की लगेच काही होत नाही, म्हणून अजून वाढवते — मग एकदम भडका. कमी केलं की धूर, काच काळीकुट्ट.

रोझेर वाकड्या ओठांतून म्हणाला, "थांब... जरा."

"थंडी थांबते का?" खेकसलेच.

८ जानेवारी

नुसता धूर.

११ जानेवारी

शेजारचा क्लोव्हिस आला. ओंडक्यावर ओंडका आपटला. "ऐका, डेल्फिनवहिनी — बद्द वाजतंय. ओलं आहे. लाकूड भरलं की आधी बटण पूर्ण वर. आग नीट धरली की हळूहळू खाली, दर वेळी थांबून. पण लाकूडच ओलं, तर बटण तरी काय करणार?"

ओलं असणारच. वसंतात फोडून रचायचं असतं, आणि वसंतभर आम्ही इस्पितळात. दरवर्षी रोझेरच फोडायचा.

"माझं दिलं असतं," क्लोव्हिस म्हणाला, "पण मलाच पुरेना."

१५ जानेवारी

क्लोव्हिस म्हणाला तसं सगळं केलं. ओंडक्यांच्या टोकांतून पाणी चरचरतंय. नदीपलीकडून, कॅनडाकडून वारा. खोली तापतच नाही. रोझेरचा लुळा हात बर्फासारखा — काखेत धरून बसले.

इव्हेटचा फोन. "हट्ट पुरे झाला, आई. बाबांना इथल्या वृद्धाश्रमात ठेवू. तू आमच्याकडे ये. घर विकून टाका."

म्हणजे इतक्या वर्षांनी आम्ही दोघं दोन ठिकाणी! फोन ठेवून दिला.

१९ जानेवारी

इव्हेटला हो म्हणून टाकलं. शनिवारी न्यायला येतेय.

रोझेरला सांगितलं. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. गरम प्लॉय, आमच्याकडची कुट्टूच्या पिठाची धिरडी, केली, लोणी लावून — शिवला नाही. मीही बटणाकडे गेले नाही. कुणासाठी वाढवायचं आता?

शनिवार

इव्हेट आली. न्यायला नाही! गाडीत दोन बॅगा आणि तिचा म्हातारा कुत्रा. उंबऱ्यातच रडायला लागली. "आई, डॅरिलनं मला घराबाहेर काढलं गं. राहू इथं?"

जावयानं! माझ्या पोरीला! खुर्चीतून रोझेर बोलला — कित्येक महिन्यांत पहिल्यांदा इतकं स्वच्छ:

"आत ये, पोरी. दार लाव. ऊब जातेय."