उजवा स्पीकर बदलण्याबाबत

तीर्थस्वरूप दादा यांस,

मधल्या भिंतीच्या अलीकडून धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे, आणि तिकडेही असावं असं भिंतीला कान न लावताही कळतं. सोमवारी सुरू झालेला तुमचा कोरडा खोकला बुधवारी सुटला आणि काल थांबला, त्या अर्थी औषध लागू पडलेलं दिसतं. वहिनींचा गुडघा आहे तसाच आहे, हे आमच्या हिच्याकडून रोज समजतं. (आपलं बोलणं बंद असल्याची रीतसर कल्पना मी दोघींना दिली होती. तरीही त्या दिवसातून चार वेळा गॅलरीतून बोलतात, एकमेकींची पातेली नेतात आणि परत करत नाहीत. वाटणीचा काही अर्थच ठेवलेला नाही.) तुमची टेबलाजवळची खुर्ची ओढताना फार किंचाळते. तिच्या पायांना रबर लावून घ्यावं. हे आपलं सहज सुचवलं.

पत्र लिहिण्यास कारण की, मी नवीन स्पीकर घेतो आहे. वास्तविक तुमचं दार माझ्या दारापासून आठ पावलांवर आहे आणि हे तोंडीही सांगता आलं असतं. पण अकरा महिन्यांत आपण एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही (जिन्यात एकदा तुम्ही "ओलं आहे, सांभाळून" म्हणालात, परंतु ते हवेत बोललेलं होतं असं मी धरून चाललो आहे), आणि सुरुवात मी का करावी हा प्रश्न उरतोच. शिवाय बाबांच्या वस्तूत फेरफार करायचा तर दुसऱ्या हिस्सेदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. पंचवीस वर्षं मोजणी खात्यात भावाभावांच्या जमिनींतून साखळी ओढत हिंडलो. नोटीस न देता हद्दीचा दगड हलवणाऱ्यांचं पुढे काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

नंतर वाद नको म्हणून वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो. बाबा गेल्यावर आपण घरातलं सगळं निम्मं निम्मं केलं. सहा खुर्च्या होत्या, तीन-तीन झाल्या. बाबांचे ते छातीएवढे उंच स्पीकर दोन होते, म्हणून एकेक झाला. डावा तुम्हाला आला, उजवा मला. (हा हट्ट कोणाचा होता हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. मीच सांगितलं आहे.) वायर एकच लांबलचक होती, ती मी टेप लावून अगदी मधोमध कापली, त्यामुळे ती आता दोघांनाही हातभर कमी पडते, आणि प्लग मधल्या भिंतीत असल्यामुळे दोघांचेही स्पीकर एकाच भिंतीला पाठ लावून उभे आहेत, एक अलीकडून, एक पलीकडून. बाबांच्या रेकॉर्डवरून सीड्या मात्र आपण दोन-दोन करून घेतल्या. सगळ्या वाटणीत शहाणपणाचं काम ते एवढंच झालं असं ही म्हणते.

आता अडचण अशी की, ती जुनी गाणी ज्यांनी रेकॉर्ड केली ती माणसं फार सरळ स्वभावाची असावीत. त्यांनी गाणाऱ्या बाईंना डावीकडे उभं केलं आणि तबला-व्हायोलिनवाल्यांना उजवीकडे बसवलं, आणि मध्ये कोणाला फिरकू दिलं नाही. परिणामी अकरा महिने बाई तुमच्याकडे गातात आणि मी तबला ऐकतो. माझी तक्रार नाही, तबला उत्तम आहे. बाबांच्या आवडत्या गाण्यात अंतऱ्याच्या आधी तबलजी हळूच नाक ओढतो, हे मी सोडून जगात कोणाला माहीत नसेल. पण नुसता ठेका ऐकून माणसाचं मन किती दिवस भरणार? कधी कधी मी मधल्या जागा मनातल्या मनात गाऊन भरतो. हिच्या मते त्या मनातल्या मनात राहत नाहीत.

तुम्ही रोज संध्याकाळी साडेसहाला गाणं लावता आणि मीही साडेसहालाच लावतो, हा निव्वळ योगायोग आहे. (मी बटणावर बोट ठेवून तुमची वाट पाहतो, ही समोरच्या निवृत्त नर्सबाईंनी उठवलेली वावडी. घड्याळं दुरुस्त करण्यात तुमची उभी हयात गेली, तरी मागच्या महिन्यात एकदा तुम्ही चार मिनिटं उशिरा लावलंत आणि त्या चार मिनिटांत माझ्या बोटाला मुंग्या आल्या, एवढंच त्यात तथ्य.) या नर्सबाई त्या वेळेला आपल्या दोन दारांच्या मधोमध स्टूल टाकून मटार सोलत बसतात. आपल्याला वाटायचं त्यांच्या घरात उकडतं म्हणून. मागच्या आठवड्यात कळलं की अख्ख्या इमारतीत पूर्ण गाणं त्यांना एकट्यांनाच ऐकू येतं. बाई तुमच्या दारातून, साथ माझ्या दारातून. फक्त तबला दोन पावलं मागे असतो असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि याबाबत दोघांनी काहीतरी करावं असं त्यांनी मला बजावलं. दोघांनी म्हणजे कोणी, हे मी त्यांना विचारलं नाही.

तर मी स्पीकरच्या दुकानात गेलो. बरोबर खोलीचा मापासहित नकाशा नेला होता, दारं, खिडक्या आणि उत्तर दिशा दाखवून. दुकानदार सभ्य माणूस आहे. त्याने नकाशा आदराने उलटासुलटा पाहिला आणि एवढ्याशा खोलीला बुकशेल्फ स्पीकर पुरे असं सांगितलं. पुस्तकांच्या फळीवर ठेवता येतात म्हणून त्यांना बुकशेल्फ म्हणायचं, आणि आवाज कोंडतो म्हणून ते फळीवर ठेवायचे नाहीत, असं दोन्ही त्याने एका दमात सांगितलं. मी म्हटलं, मला एकच द्या, उजवा. तो म्हणाला एकेक विकत नाही, आणि त्यांच्यात उजवा-डावा असं काही नसतं, वायर ज्या बाजूची जोडाल त्या बाजूचा तो होतो. (असं आपल्याला कोणी वाटणीच्या दिवशी सांगितलं नाही.) मग त्याने मला अकरा महिन्यांची हकिगत विचारली, मी सांगितली, आणि त्यावर त्याने फार वेळ डोकं खाजवलं. एकच स्पीकर आहे तर अँप्लिफायरचं मोनोचं बटण दाबा, दोन्ही बाजू एकातून येतील, बाईही येतील, त्याला पैसाही लागत नाही, असं तो म्हणाला. ते बटण मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण डावी बाजू वाटणीत तुमच्याकडे गेलेली. ती मी माझ्या स्पीकरमधून गुपचूप काढून ऐकली तर त्याला अतिक्रमण म्हणतात. तुमच्याही अँप्लिफायरला ते बटण आहे आणि तुम्हीही ते कधी दाबलं नाहीत, हे मला भिंतीतून कळतं. त्याबद्दल तुमच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, बोलणं बंद असलं तरी.

त्याने तीन जोड्या ऐकवल्या. पहिल्या जोडीत व्हायोलिन इतकं धारदार होतं की माझी दाढ ठणकली. दुसरीत तबला पाण्याच्या टाकीत बसून वाजवल्यासारखा. मी सोबत बाबांची सीडी नेली होती आणि प्रत्येक वेळी तबलजीचं नाक ऐकू येतं का एवढंच बघत होतो, बाकीच्यातलं मला कळत नाही. तिसरी जोडी लावली तेव्हा नाक अगदी स्वच्छ ऐकू आलं, आणि ते ऐकून मी मान डोलावतोय तोच डावीकडून बाईंनी अंतरा उचलला. आधीच्या दोन जोड्यांत त्या गात असणारच, पण माझे कान तबल्याकडे लागलेले. आता त्या अगदी माझ्या डाव्या हाताला उभ्या राहून गात होत्या, जिथे बाबांची खुर्ची असायची तिथे. दादा, मला रडू आलं. दुकानात, नकाशा हातात धरून, चांगलं हुंदके देऊन. दुकानदाराला वाटलं मी किंमत वाचली. त्याने घाईघाईने हप्त्यांची सोय सांगितली, मग पाणी दिलं, आणि शेवटी आठवडाभर घरी नेऊन ऐका, पटलं तर ठेवा, असं म्हणून स्वतः खोक्यात भरून दिले.

शनिवारी ते घरी आले. प्रत्येकी बुटांच्या दोन खोक्यांएवढे. हिने विचारलं, यातला आवाज कुठून येणार, आणि आला तर तो किती दिवस पुरेल. मी दोघांमधलं अंतर, भिंतीपासून वीतभर जागा आणि माझ्या कानाची उंची मोजून जमिनीवर खडूने खुणा केल्या. (त्या हिने रविवारी पुसल्या. मी पुन्हा केल्या. सोमवारपासून त्या आहेत, कारण माझं तोंड बघून तिने फडकं परत ठेवून दिलं.) मधल्या भिंतीचा आधार न घेता ते समोरच्या भिंतीला लावले, तुम्हाला त्रास नको म्हणून. सगळं गाणं माझ्याच घरात असल्यामुळे आता तुमच्यासाठी थांबायचंही कारण उरलं नव्हतं, तेव्हा मी सहा वाजून दहा मिनिटांनीच लावलं. अतिशय सुंदर वाजलं. मध्येच साडेसहाला तुमचं सुरू झालं. नर्सबाई मटाराची परात घेऊन उठल्या, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, आता दोन-दोन बाया एकीमागे एक गातायत, कोणाचं ऐकू? रविवारी त्यांनी स्टूल टाकलं नाही.

आणि सोमवारपासून तुम्ही गाणं लावलेलं नाही. आधी मी ते खोकल्याच्या खात्यात टाकलं. पण खोकला काल थांबला, आणि काल साडेसहालाही तुमच्या बाजूने काही आलं नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, म्हणजे तुम्ही स्पीकरसमोर बसला होतात. नुसते बसला होतात. माझं सगळं गाणं भिंतीतून तुम्हाला ऐकू गेलं असणार, आणि तुमची बाई माझ्याकडेही गाते हे कळल्यावर तुम्ही तुमची बंद केली असणार, असा माझा तर्क आहे. मी नवे स्पीकर कितीही हळू लावले तरी सहा वाजल्यापासून माझं लक्ष गाण्यात नसतं. सहा दिवस मला पूर्ण गाणं ऐकू येतंय आणि एकदाही धड ऐकलेलं नाही.

असो. स्पीकर गुणाने उत्तम आहेत आणि ते ठेवून घेण्याचं मी निश्चित केलं आहे. येत्या सोमवारी दुकानाची गाडी जुना उजवा स्पीकर भंगारात न्यायला येईल. एकटा कोणी घेत नाही, तो फक्त मोडीत जातो. आपली काही हरकत असल्यास ती त्याआधी लेखी कळवावी. मुदतीत न आल्यास हरकत नाही असं समजण्यात येईल, आणि मग हा विषय कायमचा मिटेल.

वहिनींना नमस्कार. त्यांचं मोठं पातेलं आमच्याकडे आहे, ते शोधू नये.

आपला आज्ञाधारक (वाटणीपुरतं सोडून),
धाकटा

ता. क. – वरची नोटीस रद्द समजावी. पत्र लिहून झाल्यावर दुपारी मी नवे स्पीकर खोक्यात भरून दुकानात परत देऊन आलो. परतीच्या अर्जात दोष काय असा रकाना होता. दोष सापडेना, म्हणून घरगुती कारण असं लिहिलं. दुकानदाराने पुन्हा पाणी दिलं. मुदत मात्र कायम आहे.

ता. क. २ – खरी विनंती अशी की, तुमचा डावा इकडे आणावा, किंवा माझा उजवा मी तिकडे आणतो. मी दोन्ही खोल्यांची मापं काढून पाहिली (तुमच्या खोलीची बाहेरून आणि अंदाजाने). तुमची भिंत नऊ इंचांनी लांब आहे, तेव्हा दोन्ही तुमच्याकडेच नीट बसतील. मला माझ्या बाजूला काही नको. एक खुर्ची टाकून दिली तरी चालेल, तीन आहेत तुमच्याकडे.

ता. क. ३ – दादा, वाटणीच्या दिवशी तू म्हणाला होतास, दोन्ही घेऊन जा, बाबांनंतर तूच ऐकतोस. टेप मी काढली. तू मला भीक घालतोयस असं वाटलं मला, आणि मग अकरा महिने सगळ्यांना उलटं सांगत सुटलो, हिला, नर्सबाईंना, त्या दुकानदारालासुद्धा. तू एकदाही कोणाला खरं सांगितलं नाहीस. हे पत्र पोस्टाने पाठवत नाहीये, तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवतोय, आणि मी बाहेरच उभा आहे. उजवा हातात आहे. एकट्याने आणलाय, कमरेतून कळ येतेय, आणि खाली ठेवला तर परत उचलवणार नाही. उरलेलं नंतर बोलू. आधी दार उघड.