जुन्या कोडवरही पास

मंगळवार, विक्रोळी

ऑफिसातल्या नीलेशदादाने एका बगच्या दुरुस्तीसोबत लिहिलेली चाचणी माझ्याकडे मंजुरीला आलीय; ती त्याने दुरुस्तीआधीच्या जुन्या कोडवर एकदा तरी चालवून पाहिली असेल का? मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

दोन प्रोग्राम एकमेकांची वाट बघत अडकतात आणि फाइली सांभाळणारी अख्खी फाइलसिस्टिम गोठते, हा तो बग. दुरुस्ती काढून टाकली की चाचणी अडकायलाच हवी. मी ती तशी तीनदा चालवली. तीनदा पास! मग दिसलं, दोन्ही प्रोग्राम वेगवेगळ्या फोल्डरमध्ये काम करतायत. एकमेकांना अडवणार कसे?

तेवढ्यात त्याचाच फोन. "अगं, हिरवं 'पास' दिसतंय ना? मंजुरी दे ना यार, उद्या रिलीज आहे."

मला नोकरीत कायम करायचं की नाही, हे तोच ठरवणार. काम शिकवलं तेही त्यानेच.

फोन ऐकून आई म्हणाली, "पास झालंय तर तोंड का पाडलंस?" आमच्या घरात पास म्हणजे पेढे. तिला काय सांगू? उद्या बग परत आला, तर ही चाचणी तेव्हाही पासच म्हणेल, आणि मंजुरीखाली नाव माझं असेल.

दोन्ही प्रोग्राम एकाच फोल्डरमध्ये आणले. जुना कोड लगेच अडकला. मंजुरी नाकारली, तो निकाल जोडला आणि साडेसातला पाठवून दिलं. थेट दादालाच.