मनोऱ्याची भेग

अंधेरी, शनिवार

प्रिय जयाताई,

नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवतो. बाबांचा खोकला कसा आहे?

इथे मरोळच्या पुढे झाडीत एक जुनं, ओसाड चर्च आहे. एकदम झकास! दोन रविवार त्याच्या मनोऱ्याचे फोटो काढले. काल दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून बघितले. पहिल्यात भिंतीला बारीक भेग आहे. दुसऱ्यात तिच्यात हात जाईल.

माझा कोळी मित्र धर्मा म्हणाला, "येड्या, पारवे पण उडून गेले तिथून, आन् तू वर चढतोस?" भित्रा आहे नुसता!

पण मनोरा पडायच्या आत वरून एक फोटो हवाच ना, यार? उद्या चढतोय. धर्मा खाली थांबेल. आज त्याने तुमचा पत्ता लिहून घेतला.

आईला सांगू नकोस.

तुझाच,
अनंता