देवरावच्या चिल्लरचं कार्ड

२१ सप्टेंबर
मिल्याला काल यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणलं. उजव्या डोळ्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही. डाव्याला काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, हळूहळू. म्हणजे किती, ते नाही सांगितलं.
खाटेवर टेकल्या टेकल्या पहिला प्रश्न : "ताई, माहा बिस्कुटाचा डबा कोनं हलवला त नाई न?"
डब्यात त्याची क्रिकेटची कार्डं. शाळेपासून जमवतो. एवढा घोडा झाला तरी पाकिटं फोडायचं सुटलं नाही. माय म्हणायची, पोरगी पाहायला जाशील तेव्हा हाच डबा घेऊन जा. आता म्हणत नाही.

२३ सप्टें.
डबा मांडीवर. बोटांनी चाचपतो. साधं कोणतं, चमकीचं कोणतं ते कळतं म्हणतो.
आज एक कार्ड वेगळं काढून दिलं. "वाच."
त्यावर फोटोच नाही. नुसतं त्याच्या त्या आवडत्या डावखुऱ्याचं नाव. खाली बारीक इंग्रजी. हे कार्ड कंपनीकडे पाठवा. बदल्यात त्या खेळाडूच्या हातची सही आणि अंगातल्या जर्सीचा तुकडा लावलेलं कार्ड मिळेल. ऑक्टोबर संपायच्या आत पोचलं पाहिजे. वाटेत गहाळ झालं तर कंपनी जबाबदार नाही.
"लाखात एखाद्याले निघते, ताई."
फवारणी आटोपली की पाठवणार होता.

२४ सप्टें.
नागपूरचा एक जण फोन करून राहिला. तोही कार्डं जमवणारा. मिल्यानं मागे ग्रुपवर फोटो टाकला होता, तो पाहून. विकत मागतो.
बाबा पंक्चरच्या दुकानातून जेवायला आले होते. म्हणाले, "देऊन टाक. औषधाले कामी येइन."
"इकाचं नाई."
"काहून?"
"माह्यं नाई ते."
मग सांगितलं. पोळ्याच्या आधी तो आणि देवराव तंबाखूचा खर्रा घ्यायला टपरीवर गेलते. टपरीवाल्याकडे चिल्लर नव्हती. देवरावला चिल्लरच्या बदल्यात कार्डाचं पाकीट दिलं. देवराव म्हणाला, मले कायले हे, घे तू. मिल्यानं फोडलं तर हे.
देवराव पोडावरचा, गावाबाहेरच्या कोलाम वस्तीतला. मिल्यासोबतच घाटोळांच्या कपाशीवर फवारायला जायचा. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, वारा फिरला, विषारी फवारा नाकातोंडात गेला, दोघंही त्याच दिवशी पडले.
बाबांनी ताट तसंच ठेवलं. माय उठून आत गेली. मी कार्डाकडे पाहत बसले.
मिल्याला अजून कोणी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, एवढ्यात नको.

२७ सप्टें.
शेवटी मीच सांगितलं.
दुकानातून (मी झेरॉक्सच्या दुकानात बसते) कंपनीचा फॉर्म छापून आणला होता. नाव काय टाकू विचारलं. म्हणाला, "देवराव टाक. कार्ड आलं का मी जाऊन देइन त्याले. चिडवीन थोडा."
पेन हातात. लिहिता येईना.
"टाकलं का?"
"मिल्या, देवराव नाई राह्यला."
त्यानं डब्याचं झाकण लावलं. मग, "कवा?"
"तू दवाखान्यात होता तवा. तिसऱ्या दिवशी."
"माह्या बाजूच्याच खाटेवर होता न तो. मले वाटलं, त्याले सुट्टी भेटली."
रडला नाही. रडू नको असंच डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यांसाठी.

२८ सप्टें.
जेवला नाही. संध्याकाळी देवरावच्या बायकोबद्दल एवढंच बोलला : "सोनाबाईले इचार. तिले पायजे असन त नागपूरवाल्याले दे, पैसे तिच्या हातात दे. नाईतर पाठव."

३० सप्टें.
पोडावर गेले. सोनाबाई अंगणात शेणानं सारवत होती. पोरगी पाठीशी. मला पाहून हात धुतले, पाणी दिलं.
सगळं सांगितलं. तिनं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं.
"यात त कोनाचा फोटोच नाई."
म्हटलं, विकलं तर पैसे येतील, ते तुझेच.
"त्यानं देल्लं न तुह्या भावाले? देल्लेलं वापस नाई घेत." मग कार्ड माझ्या हातात ठेवत, "पाठव. काय येते ते मले सांगजो."
मी निघाले तर मागून, "त्याले दिसते का आता?"
"उजेड दिसते."
"मंग तो पाहीन कसा?"
चप्पल घातली.

३ ऑक्टो.
फॉर्मवर मिल्याचंच नाव, मोठ्या अक्षरात. कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढली. मोबाइलवर फोटो काढला, नंबर स्पष्ट येईपर्यंत. मिल्या खाटेवरून सूचना देत होता. मऊ पाकिटात घाल, मग कडक प्लॅस्टिकमध्ये. चिकटपट्टी कार्डाला लागू देऊ नको. तिचं एक टोक दुमडून ठेव, नाहीतर तिकडचा माणूस ब्लेडनं कापेल आणि कार्डच कापलं जाईल. दोन पुठ्ठ्यांच्या मधे धर. हलतं का पाहा. पुठ्ठा मायनं साडीच्या खोक्याचा दिला. आत एका चिठ्ठीवर आपला पत्ता परत लिहिला. बाहेर क्रिकेट, कार्ड, काहीच लिहायचं नाही.
बंद करायच्या आधी म्हणाला, "थांब." कार्डावरून एकदा बोट फिरवलं. "कर."

४ ऑक्टो.
पोस्टात. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, आत काय? म्हटलं, कागद. महत्त्वाचा. म्हणाल्या मग विमा करून रजिस्ट्री करा, पोचपावतीही लावा. केलं. त्यांनी पाकीट पोत्यात टाकलं, ते दिसेनासं होईपर्यंत मी खिडकीवरून हलले नाही. साधी गोष्ट आहे खरं तर. रोज शेकडो पाकिटं जात असतील.

१३ ऑक्टो.
पाकीट नागपूरला अडलं. नेटवर रोज तेच. मिल्या विचारत नाही, बाबा विचारतात. "काय म्हन्ते तुहा कम्प्युटर?" ज्यांना विकायचं होतं तेच.

१९ ऑक्टो.
दिवाळी. पणत्या लावल्या आमच्याही दारात, शेजाऱ्यांच्या पोरांनी. मिल्याला उजव्या डोळ्यानं दिसल्या. पिवळे ठिपके म्हणाला. माय तेवढ्यावर खूश.
पाकीट हललं. पुढे गेलं.

२६ ऑक्टो.
पोचपावती आली! खाली सही, नुसती रेघोटी. कोणाची, कळत नाही. मुदतीच्या आत पोचलं मात्र. मिल्यानं पावती उशाखाली ठेवली.

९ नोव्हें.
नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. डावा येणार नाही. उजव्यावर जाळी राहील. माणसं ओळखेल, वाचणं कठीण. येताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून बसला. पांढरकवडा आलं तेव्हा म्हणाला, "आलं का?" मला वाटलं कार्डाचं विचारतो. गावाचं विचारत होता.

२ डिसें.
कंपनीचा मेल. तुमचं कार्ड मिळालं, खेळाडूकडून सही होऊन यायची आहे, धीर धरा. धीर धरायला आम्हाला कोणी शिकवायला नको.
यंदा बोंडात गुलाबी अळी निघाली. बोंड फोडलं की आत किडकं, काळं. कापसाच्या गाड्या कमी, म्हणून बाबांचं दुकानही ओस. घाटोळांचा निरोप आला होता, पोराची तब्येत कशी म्हणून. स्वतः आले नाहीत.

१८ जाने.
मेल. दुकानात गर्दी होती, तरी दोनदा वाचला. तो खेळाडू आता सही करत नाही. का, ते लिहिलेलं नाही. दोन पर्याय : वाट पाहायची, पण हमी नाही. किंवा दुसऱ्या एका खेळाडूची सही असलेलं तेवढ्याच किमतीचं कार्ड, लगेच. महिनाअखेरपर्यंत कळवा. मूळ कार्ड परत मिळणार नाही.
घरी वाचून दाखवलं. म्हटलं, दुसरं घेऊन टाक, निदान हातात तरी येईल.
"मी कोन घेनारा? सोनाबाईले इचार."
"तू सांग न. तिनं तुलेच देल्लं."
"तिले सांगाचं होतं न, काय येते ते? मंग आता मी सांगतो."
आजारपणानंतर नागपूरच्या डॉक्टरकडे गेला तेवढाच, एरवी गल्लीच्या बाहेर पडलेला नाही.

२१ जाने.
गेलो. बाबांनी दुकान बंद ठेवलं, गाडीवर मिल्या मधे, मी मागे. रस्त्यात मिल्या विचारत होता, नाला आला का, चिंच आली का. पोडाजवळ आल्यावर विचारणं बंद.
घराला कुलूप. अंगण सारवलेलं नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, सोनाबाई पोरीला घेऊन माहेरी गेली, आदिलाबादकडे. संक्रांतीच्या आधीच. येईल? "आता कायले येते?" गाव कोणतं ते तिला नीट सांगता येईना. एक नाव घेतलं, मग दुसरं.
मिल्या ओट्यावर बसला. हातानं चाचपून. बाबा चला म्हणाले नाहीत.
मग म्हणाला, "इथं बसून त्यानं मले फवाऱ्याचा नोजल साफ करून देल्ला होता."

२३ जाने.
कंपनीला अजून कळवलं नाही. मेल उघडते, बंद करते. मिल्या म्हणतो, तिला विचारल्याशिवाय काहीच लिहायचं नाही. मुदत गेली तर गेली.
माय म्हणते, त्या गावाचं नाव तरी नक्की आहे का? नाही.
बाबा सकाळी चहा न घेताच बाहेर पडले. आत्ता शेजारचा सांगून गेला, स्टँडवर आदिलाबादच्या गाडीवाल्यांना ती दोन्ही नावं सांगून विचारत उभे आहेत.