दार सोडलेला द्वारपाल

गुरुजी, इतक्या वर्षांनी लिहितो आहे, रागावू नका. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा आमची धानाची रोवणी चालली होती. चिखलाच्या पायांनी तसाच येऊन तुमच्या अंगणात उभा राहिलो होतो, पण तिथंही कोणाशी काही बोललो नाही. लिहायचं तेव्हापासून मनात होतं. पण सातवीच्या पुढं शाळा नाही, हात वळत नाही, आणि काय लिहावं हे सांगणारं कोणी नव्हतं. आज बसलो, कारण परवा माझा मुलगा पुण्याहून येतो आहे आणि मला कायमचा घेऊन जाणार आहे. घराला कुलूप लागणार. मला जायचं नाही, आणि हे मी त्याला अजून सांगू शकलेलो नाही. बाकी जे काही लिहीन ते या एका गोष्टीभोवतीच फिरेल, तेवढं सांभाळून घ्या.

स्वयंपाकघरात स्टुलावर बसून लिहितो आहे, कारण इथं कॅमेरा नाही. बायको गेली त्याच पावसाळ्यात मी न्हाणीघरात पडलो, कंबर धरली, तेव्हा मुलानं एक कॅमेरा ओसरीत आणि एक बैठकीत लावला. लिंबाएवढी वस्तू. पण ती पाहते, ऐकते आणि बोलतेसुद्धा. तिकडं पुण्यात बसून तो मोबाइलवर मला पाहतो. मी चप्पल पायात सरकवली की भिंतीतून आवाज येतो, "बाबा, कुठी चालले?" मी म्हणतो, "कुठी नाही रे, तलावाकडं." "तलावाच्या पाळीवर चढू नका, पाय घसरते." मग मी चप्पल काढतो. "बाबा, गोळी घेतली का?" मी गोळी घेतो. "दार उघडं आहे बाबा." मी दार लावतो. मुलगा वाईट नाही, गुरुजी. काळजीपोटीच करतो, आणि आपल्या एकोडीतले लोक मला म्हणतात की नशीब काढलंस. पण दिवसभर अंग आवळलेलं असतं. पाठ खाजवायची झाली तरी आधी वर पाहतो. जेवताना घास मोठा झाला की वाटतं, आता काहीतरी ऐकू येईल. तुम्हाला हसू येईल, कारण मागं बसून दुसऱ्याला सांगायचं काम एके काळी माझं होतं.

ती तालीम तुम्हाला आठवत असेल का? दिवाळी झाली की गावात मंडईची जत्रा भरायची, घरोघरी पाहुणे, आणि शाळेच्या पटांगणात तुमचं नाटक. दुपारची वेळ आहे, शाळेच्या व्हरांड्यात तालीम चालली आहे. तुम्ही मला द्वारपालाचं काम दिलं आहे. भाला धरून उभं राहायचं आणि राजा आला की एक वाक्य बोलायचं. ऐकून ऐकून मला राजाचं, राणीचं, प्रधानाचं सगळ्यांचं पाठ झालं आहे. राणी झालेला गडी अडला की मी उभ्याउभ्या हळूच सांगतो. आणि माझी पाळी येते तेव्हा जीभ टाळूला चिकटते. तुम्ही डस्टर टेबलावर आपटता. "साऱ्या गावाचं येते तुले. तुझंच काहून नाही येत रे?" सगळे हसतात. मी भाला भिंतीला टेकवतो आणि तो घसरून पडतो, त्यावर आणखी हसतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बोलावून घेतलंत आणि स्वतःची बॅटरी माझ्या हातात दिलीत. "तू पडद्यामागं पुस्तक धर. तुझ्याबिगर नाटक उभं नाही राहत." त्या बॅटरीचा आनंद मला पुढं लग्नातही झाला नसेल. वडशाच्या नाटक कंपन्या गावात येऊन प्रयोग करायला लागल्या, तोवर दर मंडईला पुस्तक मीच धरलं. मोठमोठे गडी माझ्या तोंडाकडं बघत बोलायचे. पण तुम्ही आदल्या दिवशी जे विचारलं होतं, त्याचं उत्तर माझ्याकडं तेव्हा नव्हतं आणि नंतरही आलं नाही. लग्न वडिलांनी ठरवलं. शेतीची, धानाच्या बांध्यांची वाटणी मोठ्या भावानं केली. बायको आल्यावर दुकानात, सोयरिकीत, दवाखान्यात तीच बोलायची. कधी वैतागून म्हणायची, "तुमी बी बोला ना काही. मी का दोघायचं बोलू?" मी म्हणायचो, तू चांगलं बोलतेस. खरंच चांगलं बोलायची.

आता एका खेळाचं सांगतो. समोरची खोली मी बँकेत नोकरीला आलेल्या एका नागपूरच्या माणसाला भाड्यानं दिली होती. एकटा राहायचा, स्वभावानं शांत. रविवारी दुपारी त्याच्याकडं आरोग्य केंद्रातली नर्स आणि गुरांचा डॉक्टर यायचे, दार लोटून बसायचे आणि मोठमोठ्यानं हसायचे. एकदा नर्स साखर मागायला आली आणि म्हणाली, "काका, आमच्यातला एक जण बदली होऊन गेला. येता का त्याच्या जागी?" मी वर पाहिलं. कॅमेरा काही बोलला नाही. मी गेलो.

हा खेळ असा आहे की एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली सोंगं घेतात. आमच्यात गोष्ट भाडेकरू सांगतो. जंगल येतं, किल्ला येतो, राक्षस येतो, आणि ऐन वेळी तो थांबून एकेकाला विचारतो, आता तू काय करशील? मनात येईल ते सांगायचं आणि वीस बाजूंचा एक फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं, आणि तिथून गोष्ट पुढं. मी विचारलं, "पण पुस्तक कुठी आहे? पुढचं कुठी लिहिलं आहे?" तो म्हणाला, "पुढचं कुणालाच माहीत नाही काका. मलाही अर्धंच माहीत आहे." सोंग कोणतं घेता असं विचारलं तेव्हा तोंडातून द्वारपाल निघालं. "द्वारपाल दारात उभा राहतो," तो म्हणाला, "आपल्याला तर दूर जायचं आहे." गुरांचा डॉक्टर चिवडा खाता खाता म्हणाला, "मंग दार सोडून निघालेला द्वारपाल लिहा ना. नोकरी सोडली म्हणा त्यानं." तसंच लिहिलं.

नर्सनं चोराचं सोंग घेतलं होतं. तिच्यापुढं कुलूप लावलेली पेटी आली, ती विचारात पडली, आणि मी जुन्या सवयीनं मान झुकवून, ओठ न हलवता सांगितलं, "फोडत नाही म्हण, आधी हलवून पाहते म्हण." ती ओरडलीच. "ओ काका! चोर मी आहे ना? मले करू द्या ना चोरी!" डॉक्टर हसून हसून आडवा झाला. "काका प्रॉम्प्टिंग करून राहिले!" लाज वाटली, पण थोड्या वेळानं पुन्हा तेच केलं, या वेळी डॉक्टरला. मग त्यांनी नियम काढला की जो दुसऱ्याचं बोलेल त्यानं उठून सगळ्यांचा चहा करायचा. पुढचे कितीतरी रविवार चहा मीच केला. "काका, आज कोणाले तरी दोन वेळा सांगा, चहा मस्त होते तुमचा," असं नर्स चिडवायची. आणि माझी पाळी आली की मी म्हणायचो, हे दोघं ठरवतील तसं. भाडेकरू हटायचा नाही. "त्यांचं ते बोलतील. द्वारपाल काय करतो?" मी फासा मुठीत धरून बसायचो. ते तिघं थांबायचे. कोणी घाई करायचं नाही, कोणी माझ्याऐवजी बोलायचं नाही. कोणी माझ्यासाठी असं थांबतं आहे याचीच मला धडकी भरायची.

एका रविवारी आम्ही तिघं किल्ल्याच्या तळघरात सापडलो. पहारेकरी म्हणाला, दोघांना सोडतो, एकानं इथंच राहायचं. डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. नर्सनंही पाहिलं. सरळ होतं, द्वारपाल म्हातारा, त्यानंच मागं राहायचं. माझ्या तोंडात "बरं" आलंही होतं. ते बाहेर का पडलं नाही, मला सांगता येत नाही. भाडेकरू वाट बघत होता. मी म्हणालो, "मी नाही थांबत." आवाज इतका बारीक निघाला की त्यानं पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा म्हणालो, "मी नाही थांबत. मलेबी बाहेर यायचं आहे." फासा टाकला. अगदी लहान आकडा पडला. पहारेकऱ्यानं तिघांनाही आत कोंडून वरून मोठा दगड लावला. माझ्यामुळं दोघं अडकले, आता मला बोल लावतील, असं वाटून मी मान खाली घातली. तर डॉक्टर म्हणाला, "घ्या! आता तिघायनं पत्ते खेळा आत." आणि नर्स माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "काका बोलले! पहा, काका बोलले!" तिनं चिवड्याची वाटी माझ्याकडं सरकवली. गुरुजी, मी नाही म्हटलं, त्यानं नुकसान झालं, आणि तरीही कोणी उठून गेलं नाही. हे मला या वयात कळलं.

मग तो वीज गेलेला रविवार आला. खोलीत उकडत होतं म्हणून आम्ही ओसरीत सतरंजी टाकून बसलो. कॅमेऱ्यात बॅटरी आहे, सिमकार्ड आहे, वीज गेली तरी तो चालतो, हे माझ्या लक्षातच नव्हतं. डॉक्टरनं फासा टाकला आणि डोक्यावरून आवाज आला, "बाबा, हे फासे कायले?" डॉक्टरनं फाशावर पंजा ठेवला, शाळेत गोट्या लपवतात तसा. "जुगार खेळून राहिले का तुम्ही?" नर्स वर पाहून म्हणाली, "नाही हो दादा, गोष्टीचा खेळ आहे." "तुम्हाले नाही विचारलं ताई. बाबाले विचारलं." मी सांगू लागलो, द्वारपाल, किल्ला, पहारेकरी, आणि जसजसं सांगत गेलो तसतसं ते मलाच वेडगळ वाटायला लागलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. या वयात हे काय, घरात कोणीही येऊन बसतं, उद्या काही झालं तर? मंडईला येतो, तुम्हाला घेऊन जातो. भाडेकरूला खोली खाली करायला सांगितलं आहे. घराला कुलूप लावू. मी म्हणालो, "बरं."

पुण्याचं त्याचं घर मी एकदा पाहिलं आहे. नववा मजला. लिफ्टची बटणं दाबायची मला भीती वाटते, म्हणून ते दोघं नवराबायको कामाला गेले की मी वरच. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी लावली आहे. कबुतरं बाहेरून आत बघतात आणि मी आतून बाहेर. सून चांगली आहे, वेळेवर चहा देते, जेवायला वाढते. पण तिथं मला कोणी काही विचारत नाही, आणि विचारायचं कारणही नाही.

भाडेकरूनं गावातच दुसरी खोली पाहिली. सामान बांधताना नर्स आली होती. मी तिला मागच्या दारी नेऊन म्हणालो, "तू सांग ना पोराले माझ्या. तू चांगलं बोलतेस." तिनं माझ्याकडं पाहिलं, हसली नाही. "नाही काका. सारं करीन तुमचं, गोळ्या आणून देईन, बीपी पाहीन. तुमचं बोलणार नाही." मला राग आला. खरंच राग आला गुरुजी, इतका की तिला चहासुद्धा विचारला नाही. वाटलं, खेळात ठीक आहे, इथं कशाला नियम लावते? रात्रभर तिच्यावर धुमसत राहिलो. सकाळी उठून ओट्यापाशी उभा राहिलो आणि भांड्यांना म्हणून पाहिलं, मी येत नाही. भांड्यांपुढं बोलता आलं.

आता हे लिहिता लिहिता मी मध्येच उठलो होतो. बैठकीत गेलो, कॅमेऱ्याच्या खाली उभा राहिलो. हात कुठं ठेवावे सुचेना म्हणून मागं बांधले. वर पाहिलं आणि म्हणालो, "मी पुण्याला येत नाही. मी इथंच राहतो. खोली त्या भाडेकरूलेच द्यायची आहे मले. तू रागावशील तर रागाव." आवाज बारीक नव्हता. बाहेरून जाणारी शेजारीण थबकून बघून गेली. भिंतीतून उत्तर आलं नाही. मग मी इथं येऊन बसलो.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, घरातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून देईन. एक सांगायचं राहिलं, तुमच्याशी खोटं नको. मी वेळ पाहूनच उभा राहिलो होतो. दुपारी त्याच्या मीटिंगा असतात, तेव्हा तो मोबाइल बघत नाही, म्हणून तर उत्तर आलं नाही. पण भाडेकरू एकदा म्हणाला होता की कॅमेरा सगळं साठवून ठेवतो, आणि घरी आल्यावर मुलगा दिवसभराचं पाहतो. म्हणजे आज पाहणार. बोललेलं आता पुसता येत नाही, आणि पुसता आलं असतं तर मी पुसलं असतं का, हेही मला सांगता येत नाही. तो फोन करील तेव्हा पहिला शब्द कोणता बोलायचा, गुरुजी, तेवढं कळवा. लवकर कळवा. सहा वाजता ऑफिसातून सुटतो तो.